डोंगराला मजले असतात

शाळेत निसर्गचित्र काढायला सांगितलं की वर्गातली चाळीसच्या चाळीस मुलं एकच चित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवणारा सूर्य, तिथून वळणं घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि शेजारी नारळाचं झाड. मी चित्रकला शिकवतो. बीड, जालना, हिंगोली, जिथं जिथं शिकवलं तिथं तिथं वहीत हेच चित्र आलं. यातल्या बहुतेक मुलांनी नारळ पाहिलेला असतो तो देवळात फोडताना, झाडावर नाही. आणि तसले टोकदार डोंगर आपल्या मुलखात फार कमी. बालाघाट बघा, अजिंठ्याची रांग बघा, नाहीतर वर्गाच्या खिडकीतून दिसणारी साधी टेकडी बघा. माथा सपाट, आणि कडेनं वरून खाली पायऱ्या पायऱ्या.

विषय थोडा बदलून ‘शहर आणि निसर्ग’ असा दिला, की कागदाच्या मधोमध एक उभी रेघ येते. डावीकडे हिरवं, उजवीकडे काळं. डावीकडे झाड, पाखरू, विहीर. उजवीकडे इमारती, गाड्या, धुराडं. वर ‘झाडे लावा’. मुलांचा यात दोष नाही. मोठ्यांनी रंगवलेल्या भिंतींवरही हीच रेघ असते. पण खरी अडचण अशी की ही दोन चित्रं आहेत, एका कागदावर चिकटवलेली. आजचं शहर आणि जुन्या पद्धतीचं निसर्गचित्र यांचं एकच चित्र करायचं असेल तर चित्रकार काय करतो, हे समजून घेण्यासारखं आहे. जगभर गेली काही वर्षं अशी चित्रं खूप होत आहेत. ती बघताना ‘छान आहे’च्या पुढं जायचं तर त्यातल्या दोन-तीन खुब्या माहीत हव्यात.

पहिला प्रश्न डोळ्याचा. चित्र बघणारा माणूस उभा कुठं आहे?

रेल्वेचे रूळ लांब जाऊन एका बिंदूत मिळतात, हे आपण सगळ्यांनी स्टेशनवर पाहिलंय. पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कलाकारांनी याचा काटेकोर नियम बांधला. माणूस एका जागी स्थिर उभा आहे, एका डोळ्यानं बघतो आहे, असं धरून चालायचं. मग आपल्यापासून लांब जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजावरच्या बिंदूकडे धावतात. कॅमेरा हाच नियम पाळतो, म्हणून आपल्याला तो ‘खरा’ वाटतो. शहर या नियमात झकास बसतं, कारण शहर मुळातच सरळ रेषांचं असतं. रस्ता, खांबांची ओळ, गच्चीचा कठडा, सगळं त्या बिंदूकडे पळतं.

डोंगर मात्र यात नीट बसत नाही, कारण डोंगर आपण एका जागी उभं राहून बघतच नाही. संभाजीनगरहून खुलताबादमार्गे म्हैसमाळला जाताना काय होतं ते आठवा. पायथ्याशी मान वर करून माथा बघतो. मध्ये एखाद्या वळणावर दोन टेकड्यांच्या फटीतून आतलं खोरं दिसतं. वर पोचलं की सगळा मुलूख समोर आडवा पसरतो. डोंगर ‘पाहिला’ म्हणजे हे तिन्ही पाहिलं. चीनमधल्या चित्रकारांनी हे हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. अकराव्या शतकात ग्वो शी नावाच्या चित्रकारानं या तीन नजरांना तीन नावं दिली: खालून वर बघण्याचं उंच अंतर, पुढून मागं डोकावण्याचं खोल अंतर आणि जवळच्या डोंगरावरून लांबचे डोंगर बघण्याचं सपाट अंतर. 1072 साली त्यानं रंगवलेलं ‘वसंताची चाहूल’ हे चित्र आज तैपेईच्या संग्रहालयात आहे. रेशमावर शाईनं काढलेलं ते चित्र बघताना डोळा एका जागी थांबत नाही, चालत राहतो. या प्रकारच्या चित्राला चिनी भाषेत ‘शानश्वेइ’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘डोंगर-पाणी’. हा शब्द लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

म्हणजे शहर मागतं एक स्थिर डोळा आणि जुनं निसर्गचित्र मागतं चालता डोळा. दोघांना एकत्र आणताना बहुतेक चित्रं इथंच फसतात. इमारती कॅमेऱ्याच्या नियमानं काढलेल्या आणि मागचा डोंगर लघुचित्रातून उचललेला, असं झालं की डोंगर नाटकाच्या पडद्यासारखा मागं लटकतो.

यातून वाट काढायची एक जुनी रीत म्हणजे शहरालाही चालत बघायचं. बाराव्या शतकातल्या चांग झदुआन या चित्रकाराची एक गुंडाळी बीजिंगच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. उंची जेमतेम 25 सेंटीमीटर, लांबी 5 मीटरहून जास्त. उजवीकडून ती उलगडत जायची. सुरुवातीला शेतं, झाडं, ओझी वाहणारी जनावरं. मग नदी, नदीवर होड्या, एक कमानीचा पूल आणि पुलावर ही गर्दी. शेवटी वेशीतून आत, दुकानं, घरं, शहर. गावाकडून एसटीनं नांदेडला येताना खिडकीजवळची जागा मिळाली तर जे दिसतं तेच. शेत कुठं संपलं आणि शहर कुठं सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. आधी एक वीटभट्टी, मग एक धाबा, प्लॉटिंगचा फलक, दोन दुकानं, आणि मग आपण शहरात असतो.

इटलीतल्या सिएना शहरात याचंच एक निराळं उत्तर आहे. तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीत अंब्रोजो लोरेन्झेत्ती यानं 1338 ते 1339 मध्ये भिंतींवर चांगल्या आणि वाईट कारभाराची चित्रं काढली. चांगल्या कारभाराच्या भिंतीवर अर्धं शहर, अर्धा शिवार, आणि दोघांच्या मध्ये तटबंदी. बघा, आपल्या मुलांच्या वहीतली तीच उभी रेघ! फरक एवढाच की लोरेन्झेत्तीनं तटाला दरवाजा ठेवलाय आणि तो उघडा आहे. शेतकरी जनावरं घेऊन आत येत आहेत, घोड्यांवरचे लोक बाहेर निघाले आहेत. शहराच्या भागात गच्चीगच्चीची गिचमिड, शिवाराच्या भागात वाफे आणि टेकड्या, पण त्या दरवाज्यातून ये-जा चालू आहे म्हणून सगळं एक चित्र होतं. वाईट कारभाराच्या बाजूला शिवार उजाड दिसतो. शहराचं पोट कशावर भरतं हे त्या चित्रकाराला ठाऊक होतं. अशा चित्रात मी सगळ्यात आधी तो दरवाजा शोधतो. रस्ता, पाइपलाइन, विजेची तार, बाजाराला निघालेली बाई, काहीही चालेल. काहीतरी इकडून तिकडं जात असलं पाहिजे.

आता दुसरी खुबी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आकारांचं यमक.

कवितेत दोन शब्दांचा अर्थ वेगळा असतो, पण शेवट सारखा वाजतो म्हणून त्या ओळी एकत्र बांधल्या जातात. चित्रात दोन वस्तूंचे आकार असे सारखे ‘वाजले’ की डोळा त्यांना बांधतो. शांघायचे यांग योंगलियांग यांचा जन्म 1980 सालचा. लहानपणापासून ते पारंपरिक शाईचित्रं आणि सुलेखन शिकले. पुढं त्यांनी कुंचला बाजूला ठेवून कॅमेरा घेतला. शहराचे असंख्य फोटो काढून, संगणकावर त्यांचे तुकडे जुळवून त्यांनी डोंगर उभे केले. लांबून बघितलं तर हजार वर्षांपूर्वीचं शानश्वेइ. धुकं, कडे, धबधबा. जवळ गेलं की कळतं, कड्यावरची प्रत्येक रेष म्हणजे एक इमारत आहे, झाडांच्या जागी विजेचे मनोरे आणि क्रेन आहेत.

हे जमतं कसं? जुने चिनी चित्रकार खडकाचा पोत दाखवायला ठरावीक प्रकारचे फटकारे मारत. त्या फटकाऱ्यांना नावं होती. एकाचं नाव ‘कुऱ्हाडीचा घाव’, एकाचं ‘तागाचे धागे’. खडकाची जात बदलली की फटकारा बदलायचा. यांग यांनी फटकाऱ्याच्या जागी इमारत ठेवली, बाकी डोंगराची बांधणी जुनीच ठेवली. म्हणून डोळा फसत नाही आणि फसतोही. ते तांत्रिकदृष्ट्या फोटोकाम आहे, चित्र नव्हे, पण त्यातला विचार पूर्ण चित्रकाराचा आहे.

हे वाचून आपल्याकडचा एखादा मुलगा तसेच उंच सुळके आणि तसंच धुकं काढायला बसेल, तर मी त्याचा हात धरीन. ते यमक त्यांच्या डोंगरांचं आहे. आपल्या डोंगरांचं यमक आपल्याकडेच आहे, आणि ते जास्त सरळ आहे.

आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा का, ते आधी सांगतो. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि पसरला. तो थिजला, मग त्यावर पुन्हा दुसरा थर, मग तिसरा. काही थर टणक काळ्या पाषाणाचे, काही ठिसूळ. पावसानं ठिसूळ थर झिजतो आणि तिरका होतो, टणक थर भिंतीसारखा उभा राहतो. सगळ्यात वर टणक थर उरला की माथा सपाट. भूगर्भशास्त्रातलं ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव तरी कुठून आलं? ‘ट्रॅप’ म्हणजे स्वीडनकडच्या भाषेत जिना. समृद्धी महामार्गासाठी जिथं टेकड्या कापल्या तिथं हे थर आता गाडीतूनही दिसतात. थरावर थर, सज्जावर सज्जा. आपल्या डोंगराला मजले असतात.

हे जुन्या माणसांनी पाहिलं होतं याचा पुरावा वेरूळला आहे. 12 नंबरचं लेणं, ‘तीन ताल’. पहिल्यांदा पोरांना घेऊन गेलो तेव्हा एक जण म्हणाला, ‘सर, ही तर अपार्टमेंट आहे.’ बरोबर बोलला. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर साध्या चौकोनी खांबांची ओळ, वर फारशी नक्षी नाही. समोरच्या अंगणात उभं राहिलं तर इमारत दिसते आणि मान थोडी वर केली तर गवत उगवलेला डोंगर. दोन्ही एकाच दगडाचे. शेजारी 16 नंबरचं कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी वरून खाली कोरत आणलेलं. तिथं तर अख्खं देऊळच कैलास पर्वत आहे. आपल्या भाषेतही डोंगराच्या टोकाला शिखर आणि देवळाच्या कळसाखालच्या भागालाही शिखरच. देवळाच्या शिखराच्या एकेका टप्प्याला जुन्या शास्त्रात ‘भूमी’ म्हणतात. इमारत आणि डोंगर यांचं यमक आपण बोलताना रोज जुळवतो, वहीत मात्र नारळ काढतो.

अजिंठ्यात हेच रंगांत आहे. तिथले खडक नीट बघा. भित्तिचित्रांत डोंगर दाखवायचा तर त्या चित्रकारांनी एकमेकांवर रचलेले चौकोनी ठोकळे काढले, ठोकळ्याची एक बाजू उजळ, एक गडद. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते खोक्यांच्या थप्पीसारखे वाटतात. पण लेण्याच्या बाहेर येऊन वाघूर नदीच्या वळणावरचा कडा बघितला की कळतं, त्यांनी समोरचाच डोंगर सोपा करून काढला. 17 नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची, कथा आहे. दान देण्याच्या व्रतापायी राज्याबाहेर काढलेला राजपुत्र. महाल, निरोप, बाजारातून जाणारा रथ, पुढं जंगल, आश्रम. या दृश्यांच्या मध्ये चौकट नाही. एखादं दार, एखादा खांब, एखादं झाड किंवा त्या ठोकळ्या-खडकांची रांग, एवढ्यावर जागा बदलते. महालातली माणसं आणि रानातली माणसं एकाच उंचीची, एकाच उजेडातली. पाचव्या शतकातलं काम आहे हे. शहर आणि रान एका भिंतीवर कसं बसवायचं याचा सगळ्यात मोठा पाठ आपल्या सिल्लोड-सोयगावच्या शिवेवर आहे, आणि आपण सहलीत तासाभरात उरकून बाहेर येतो.

त्यांचे बरेचसे रंगही तिथलेच होते. तांबडी आणि पिवळी गेरूची माती, हिरवी माती, काजळ. भिंतीला मातीत भुसा आणि वनस्पतींचे धागे कालवून गिलावा. निळा मात्र लांबून, अफगाणिस्तानकडच्या लाजवर्दी दगडाचा. म्हणजे डोंगराचं चित्र डोंगराच्याच मातीनं रंगवलेलं.

पुढं हा धागा तुटला नाही. 1650 साली तेव्हाच्या औरंगाबादेत ‘रसमंजरी’ची चित्रित पोथी तयार झाली. दख्खनच्या आणि मुघलांच्या लघुचित्रांत एका बाजूला हवेली, एका बाजूला झाडं आणि मध्ये उंबऱ्याशी उभी नायिका, ही मांडणी वारंवार दिसते. त्यात रेषा बिंदूकडे पळत नाहीत. गच्ची वरून दिसते, भिंत समोरून, झाड बाजूनं. या पद्धतीत दहा मजली इमारतही सहज बसेल. जपानमध्ये अकिरा यामागुची आजच्या तोक्योला अशाच जुन्या पद्धतीनं काढतात, जुन्या क्योतोच्या पडद्यांवर असत तसे ढग मध्ये सोडून.

ढगांवरून तिसरी खुबी, हवा. लांबची गोष्ट फिकट दिसते, हे सगळ्यांना माहीत आहे. कारण मधल्या हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखरतात, म्हणून पावसाळ्यानंतर लांबची रांग निळसर दिसते. पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हवेत धूळ असते. धुळीचे कण मोठे, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखरतात, म्हणून तेव्हा तोच डोंगर भुरकट, पांढुरका दिसतो. पुस्तकातून शिकलेला चित्रकार बाराही महिने डोंगर निळा करतो. ज्यानं मे महिन्यात परभणी ते जिंतूर प्रवास केलाय तो करणार नाही. शहर आणि निसर्ग जोडणारा सगळ्यात सोपा पदार्थ ही हवाच आहे. चिनी चित्रकार रेशीम कोरं सोडून धुकं करत. त्या कोऱ्या जागेत डोंगराचा पाय कुठं संपतो ते दिसत नाही, म्हणून दोन न जुळणारी अंतरं जुळून जातात. आपल्याकडे ते काम धूळ करते.

आजच्या भारतीय चित्रकारांत दोघांची नावं घेतो. सुधीर पटवर्धन, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून नोकरी-व्यवसाय सांभाळत त्यांनी वर्षानुवर्षं शहर रंगवलं. ठाणे-उल्हासनगरच्या कडेचं बदलतं रूप, टेकड्या, रेल्वे, चाळी, नव्या इमारती. एकाच कॅनव्हासवर ते अनेक जागांवरून बघतात आणि सांधे दिसू देत नाहीत. दुसरे भज्जू श्याम, मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे गोंड चित्रकार, 2018 चे पद्मश्री. ते लंडनला गेले आणि जमिनीखालची रेल्वे त्यांनी गांडुळासारखी काढली, तिथल्या प्रसिद्ध घड्याळाचा मनोरा कोंबड्यात मिसळला, कारण दोघंही वेळ सांगतात. इथं यमक आकाराचं नाही, कामाचं आहे. आणि पारडं उलटं आहे: शहरात रान घुसवलेलं नाही, रानात राहणाऱ्या माणसानं शहर आपल्या भाषेत वाचलंय. मला हे फार मोलाचं वाटतं. रडणारं झाड आणि राक्षसासारखं धुराडं काढणारी चित्रं मला पटत नाहीत, कारण ती न बघता काढता येतात.

करून बघायचं असेल तर जागा सांगतो. संभाजीनगरला विद्यापीठाच्या मागं डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. तिथं चढून शहराकडं तोंड करून बसा. पायाशी काळा कडा, खाली बीबी का मकबऱ्याचा घुमट आणि मिनार, त्यापलीकडं गच्च्या, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर, नवी बांधकामं, आणि धुळीत विरत गेलेलं क्षितिज. आधी पेन्सिलीनं फक्त आडव्या रेघा पकडा. कड्याचे थर, मकबऱ्याचा चौथरा, इमारतींचे स्लॅब. मग उभ्या. घर कुठलं, डोंगर कुठला हे तासभर विसरा. रंग नंतर.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला मी नारळ आणि त्रिकोण दोन्ही बंद केले आणि सांगितलं, गावातून दिसणारा डोंगर काढा, त्यात शहरही आलं पाहिजे. एका मुलीच्या गावाजवळ खडीची खाण आहे. काँक्रीटच्या आकारमानात 60 ते 75 टक्के भाग खडी आणि वाळूचा असतो. खडी डोंगराची, वाळू नदीची. शानश्वेइ, डोंगर-पाणी. हे मी वर्गात बोललो नव्हतो. तिनं कागदाच्या डाव्या बाजूला अर्धा कापलेला डोंगर काढला, थर मोजून सात. तिथून डंपरचा रस्ता. उजवीकडे सात मजली इमारत, प्रत्येक स्लॅब डोंगराच्या थराच्या बरोबर समोर, पट्टी लावून. रंग दोन्हीकडे एकच, काळपट तपकिरी. आणि इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एक शेळी.

मी विचारलं, ‘शेळी एवढी वर कशी गेली?’

ती म्हणाली, ‘ती नाही गेली सर. ती तिथंच चरत होती.’